फुटलेलं पॅनेल आधी मागून जोडा: गाडीचं प्लास्टिक, पत्रा आणि रंग घरच्या घरी

ऊसतोड सुरू झाली की निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यातल्या रस्त्यांवर ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या आणि चेंगरलेला पाला पसरलेला असतो. त्यावर पहाटेचं दव असलं की दुचाकीचं पुढचं चाक कधी सरकलं ते कळतही नाही. माझी गाडी अशीच आडवी झाली. वेग कमी होता, त्यामुळे कोपर खरचटण्यापलीकडे मला काही झालं नाही. गाडीचं मात्र डावं साइड पॅनेल चिरलं, त्याचे दोन कान (पॅनेल गाडीला अडकवणारे छोटे तुकडे) तुटले, पुढच्या मडगार्डला वीतभर भेग गेली आणि टाकीला लिंबाएवढा पोचा आला.

पहिल्यांदा मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. पॅनेल गाडीवर तसंच ठेवून भेगेत वरून सुपरग्लू सोडला, त्यावर पुट्टी फासली, घासली आणि स्प्रे मारला. दिसायला छान झालं. पंधरा दिवसांत जांबोटीकडे एक फेरी झाली आणि भेग होती तिथेच, पुट्टीसकट उघडली. आमच्या गल्लीत एक पेंटर अण्णा आहेत. घरात कन्नड, आमच्याशी बेळगावी मराठी. त्यांच्याकडे पॅनेल घेऊन गेलो तर समोरची बाजू त्यांनी पाहिलीच नाही. पॅनेल उलटं केलं, मागून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मागं काहीच केलं नाहीस की रे. पुढनं नुसता रंग हाय."

पुढचं सगळं काम मी त्या एका वाक्यावरून नव्यानं शिकलो. पॅनेलला ताकद येते ती मागून. पुढची बाजू फक्त दिसण्यासाठी. मागचं काम पक्कं होईपर्यंत पुट्टीचा डबा उघडायचाच नाही.

कशाला हात लावायचा, कशाला नाही

साइड पॅनेल, सीटमागचं शेपटाचं प्लास्टिक, फेअरिंग (गाडीभोवतीचं मोठं प्लास्टिकचं आवरण), हेडलाइटचा मुखवटा, प्लास्टिकचं मडगार्ड, टाकीवरचा छोटा पोचा हे सगळं घरी होतं. चासी वाकली असेल, हँडल किंवा फूटरेस्टचा ब्रॅकेट चिरला असेल, टाकी गळत असेल तर घरी काही करू नका. पेट्रोलच्या टाकीवर वेल्डिंग किंवा ज्योत तर कधीच नको. पेट्रोल काढून टाकलं तरी आत वाफ राहते आणि पेट घ्यायला ती पुरते. काही गाड्यांच्या मडगार्डवरून ब्रेकची पाइप जाते. तिला धरणारा भाग तुटला असेल तर मडगार्डच बदला.

रोज रस्त्यावर दिसणाऱ्या १०० सीसीच्या गाडीचं साधं साइड पॅनेल असेल तर आधी दुकानात भाव विचारा. बाजारातलं बिनकंपनीचं पॅनेल पुष्कळदा दुरुस्तीच्या सामानापेक्षा स्वस्त पडतं. मोठी फेअरिंग, बंद झालेल्या मॉडेलचे भाग, किंवा कंपनीत मागवल्यावर महिनाभर वाट पाहायला लावणारे भाग असतील तिथे घरची मेहनत वसूल होते. माझं मॉडेल बंद झालेलं, म्हणून मी दुरुस्तीला बसलो. सोल्डरिंग गन, पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन डबे आणि क्लिअर (रंगावर मारायचा पारदर्शक थर) धरून काम दोन हजारांच्या आत झालं. त्यातली सोल्डरिंग गन पुढेही कामाला येते.

हे प्लास्टिक कोणतं?

हा प्रश्न टाळला तर पुढचं काम वाया जातं. पॅनेल उतरवा आणि आतल्या बाजूला पाहा. साच्यातच उमटलेली इंग्रजी अक्षरं असतात: एबीएस (ABS) किंवा पीपी (PP), ही प्लास्टिकच्या दोन प्रकारांची नावं. रंगवलेले, चकचकीत, कडक भाग बहुधा एबीएसचे असतात. पुढचं मडगार्ड, चाकाजवळचे काळे, न रंगवलेले, वाकवलं तर वाकणारे भाग बहुधा पीपीचे.

अक्षरं घासून गेली असतील तर मागच्या बाजूचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतं. एबीएस बुडतं. दुसरी खूण म्हणजे कापसावर थोडं अॅसिटोन घेऊन आतल्या बाजूला लावायचं. एबीएस लगेच चिकट होतं, पीपीला काहीच होत नाही. अॅसिटोन हार्डवेअर किंवा केमिकलच्या दुकानात सुटं मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणू नका. त्यात पाणी, तेल आणि कधीकधी दुसरंच द्रावण असतं.

हा फरक एवढ्यासाठी की एबीएस त्याच्याच पातळ केलेल्या लगद्यानं जोडता येतं. पीपीला मात्र कुठलाही साधा गोंद धरत नाही, सुपरग्लू नाही आणि एपॉक्सीही नाही. ते वितळवूनच जोडावं लागतं.

उतरवणं आणि धुणं

पॅनेल ओढताना कान तुटण्याचं कारण बहुतेक वेळा आपली घाई नसते. कानातल्या खुंटीला धरणारा रबर बुश जुना होऊन दगडासारखा कडक झालेला असतो. बुशच्या कडेनं साबणाचं पाणी सोडा, पाच मिनिटं थांबा, आणि खुंटी जिथे आहे त्याच्या अगदी जवळ धरून सरळ रेषेत ओढा. स्क्रू एका पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढून जिथले तिथे टोचून ठेवा. पॅनेलचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीनं वेगळे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतली वायर सोलतो.

मग भांड्याच्या साबणानं धुवा, आतून-बाहेरून. वॉशिंग सेंटरवाले चमक यावी म्हणून जो स्प्रे मारतात त्यात सिलिकॉन असतं. ते राहिलं तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. स्टिकर काढायचे असतील तर हेअर ड्रायरनं गरम करून सावकाश सोला. उरलेल्या गोंदाला खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवलं की तो निघतो. त्यानंतर पुन्हा दोनदा साबण लावा. एबीएसवर थिनर ओतून पुसू नका. त्यानं प्लास्टिकमध्ये बारीक चिरा पडतात आणि त्या महिन्याभरानं वर येतात.

एबीएसची भेग

आधी लगदा करायला ठेवा, कारण त्याला रात्र लागते. दुसऱ्या एखाद्या फुटक्या एबीएस पॅनेलचे तुकडे गॅरेजमध्ये मागितले तर फुकट मिळतात. आतल्या बाजूला अक्षरं बघूनच घ्या. रंग खरवडून काढा, तांदळाएवढे बारीक कापा, काचेच्या बरणीत घाला आणि तुकडे बुडतील एवढं अॅसिटोन ओतून झाकण घट्ट लावा. सकाळी तो काकवीसारखा झाला पाहिजे. काडीवरून तार धरून पडला की बरोबर. फार पातळ लगदा पॅनेल मऊ करून वाकवतो. हे काम परसात, उघड्यावर करा. जवळ चूल, उदबत्ती, बिडी काही नको, कारण अॅसिटोनची वाफ लगेच पेटते.

भेग जिथे संपते त्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा. भेगेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे गोळा होतो आणि भेग पुढे पळते. गोल भोकात तो ताण वाटला जातो. हे भोक न पाडता वर कितीही मजबूत जोडलं तरी भेग जोडाच्या पलीकडे नवीन फुटते.

आता पुढच्या बाजूनं भेगेच्या दोन्ही कडा जुळवून मास्किंग टेप ताणून लावा. बोटाला पायरी लागता कामा नये. टेप लागली की पॅनेल उलटं करा. मागची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं भेगेच्या दोन्हीकडे दोन-दोन बोटं खरबरीत करा. सोल्डरिंग गनच्या टोकानं भेगेवरून प्लास्टिकच्या निम्म्या जाडीपर्यंत खाच पाडा.

मग जाळी. स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी हार्डवेअरमध्ये मिळते, पण चहाची मोडकी गाळणी उत्तम चालते. मी तीच कापून वापरली. भेगेवर आडवी बसेल अशी पट्टी कापा, वर गनचं टोक टेकवा आणि जाळी प्लास्टिकमध्ये बुडेपर्यंत हलकं दाबा. ६० वॉटची गन पुरते. एका जागी पाच-सहा सेकंदांहून जास्त थांबू नका, नाहीतर पुढच्या बाजूला फोड येतो. गन उचलल्यावर लगेच सोडूही नका, स्क्रूड्रायव्हरनं जाळी दाबून धरा, नाहीतर थंड होताना ती वर येते. जळक्या एबीएसचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट. वारा पाठीमागून येईल असं बसा.

जाळी बसली की त्यावर लगदा पसरा. एकदम जाड थर दिला तर वरची साय धरते आणि आत बुडबुडे अडकतात. पातळ थर द्या, दोन-तीन तास थांबा, मग दुसरा. असे तीन थर, आणि नंतर पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. माझा पहिल्या दिवशीच वाकवून बघायचा मोह अण्णांनी मोडला. "स्वल्प तडी," एवढंच म्हणाले. थोडं थांब.

मागचं कडक झाल्यावरच पुढची टेप काढायची. पुढूनही भेगेवर उथळ खाच पाडून लगदा भरा, थोडा उंच, कारण अॅसिटोन उडून गेलं की तो बसतो. पुढचा भराव दोन-तीन दिवस सुकू द्या. वरून कडक लागला तरी आतून ओला असतो, आणि ओल्यावर पुट्टी घातली तर रंगाखाली भेगेची रेघ पुन्हा उमटते.

तुटलेले कान

तुटलेला कान सापडला असेल तर तोच बसवा, तशीच जाळी आणि लगदा वापरून. हरवला असेल तर भंगार एबीएसमधून तसा तुकडा कापा. जागा अचूक यावी म्हणून पॅनेल गाडीवर लावून, कान स्क्रूनं गाडीकडे कसून, तिथेच दोन थेंब सुपरग्लूवर थोपवा. मग पॅनेल उतरवून मागून पक्का करा. कोपऱ्यात भराव हवा असेल तर खायचा सोडा टाकून वर सुपरग्लूचा थेंब सोडा. तो काही सेकंदांत दगड होतो. त्या वेळी तो तापतो आणि झोंबणारी वाफ येते, म्हणून तोंड लांब ठेवा. पण सोडा-सुपरग्लू ठिसूळ असतो. ताण जाळीनं घ्यायचा, सोड्यानं फक्त पोकळी भरायची.

आणि बुश नवीन घाला. जुन्या कडक बुशमध्ये दुरुस्त कान दाबून बसवला तर तो पुन्हा तुटणारच.

पीपीचं मडगार्ड

मडगार्डला नुसती वळी पडून पांढरी रेघ आली असेल तर हेअर ड्रायरनं मागून तापवा. पोचा बराचसा आपणहून सरळ होतो आणि पांढरेपणाही कमी होतो. भेग असेल तर भोक, खाच आणि जाळी ही पद्धत तीच, फक्त भराव पीपीचाच हवा. आइस्क्रीमच्या डब्याखाली त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पीपी. त्याच्या पट्ट्या कापून गननं भेगेत वितळवत भरा. इंजिन ऑइलच्या डब्याखाली बहुतेक २ असतो. ते वेगळं प्लास्टिक, वितळून वर बसल्यासारखं दिसतं पण नखानं उपटतं. केबल टायही वापरू नका. त्या नायलॉनच्या असतात आणि पीपीत किंवा एबीएसमध्ये मिसळत नाहीत. कितीतरी जण इथेच फसतात.

काळं मडगार्ड असेल तर मी रंगाच्या भानगडीत पडत नाही. मागून पक्कं केलं, पुढून घासून सारखं केलं, बस्स.

टाकीचा पोचा

रंग न फुटता आलेला उथळ पोचा गोंद लावून ओढायच्या खुंट्यांच्या किटनं कधीकधी निघतो, पण टाकीचा वळणदार पत्रा हट्टी असतो. भरायचाच असेल तर रंग खरवडून चकचकीत पत्र्यापर्यंत या, ८० नंबरनं खरबरीत करा आणि लगेच दोन घटकांची पॉलिएस्टर पुट्टी भरा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. खानापूर, कणकुंबीकडच्या दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर गंज धरतो.

पुट्टीचं प्रमाण सोपं आहे: लिंबाएवढ्या पुट्टीला वाटाण्याएवढं हार्डनर, म्हणजे ती कडक करणारा दुसरा घटक. रंग सगळीकडे एकसारखा होईपर्यंत कालवायचं. हातात चार-पाच मिनिटं असतात, अथणी-रायबागच्या एप्रिलमध्ये त्याहून कमी, म्हणून थोडी-थोडीच करा. एका वेळी २-३ मिमीपेक्षा जाड थर नको. ही पुट्टी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासा. पाण्यात घासायचा वॉटर पेपर वापरायचा तो प्रायमर बसल्यानंतरच. पुट्टी घासताना पेपर हातात धरू नका, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी घासलं की बोटांच्या दाबाच्या लाटा राहतात, आणि त्या चमकदार रंगातच दिसतात.

टाकीच्या रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डब्यातल्या साध्या स्प्रेचं क्लिअर पेट्रोलला टिकत नाही. झाकणाजवळ एकदा पेट्रोल सांडलं की सुरकुत्या. म्हणून टाकीची भरणी, घासणी आणि प्रायमर घरी करा आणि शेवटचा रंग व हार्डनरवालं क्लिअर पेंटरकडून मारून घ्या. सगळी तयारी केलेली टाकी नेली तर पैसे निम्मे वाचतात. हार्डनरच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. कापडी मास्कनं ते अडत नाही, त्यामुळे तो प्रयोग घरात नकोच.

रंग

आधी हवामान. बेळगावात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की क्लिअर पांढुरकं पडतं. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दव उडून गेल्यावर, सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळातच रंग मारतो. दसऱ्याला पूजेसाठी गाडी चकचकीत हवी म्हणून भर पावसाळ्यात घाई करू नका, मागची बाजू जोडायचं काम मात्र त्या दिवसांत खुशाल करा. निपाणीकडे तंबाखूच्या कामाचे दिवस असतील तर अंगणात धूळ उडते. सोप्यात, जमीन ओली करून, दार-खिडकी उघडी ठेवून मारा.

रंग तोच ठेवा. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. मूळ रंगाचा कोड काही गाड्यांत सीटखालच्या स्टिकरवर मिळतो, नाहीतर शोरूमच्या पार्ट्स काउंटरला विचारा. मधल्याच जागेवर रंग मिसळवायचा प्रयत्न करू नका, विशेषतः मेटॅलिक असेल तर. संपूर्ण पॅनेल काठापासून काठापर्यंत रंगवा. शेजारच्या पॅनेलशी किंचित फरक राहिला तरी जोडाच्या फटीमुळे तो खपून जातो.

पॅनेल १२०, २२०, ३२० असं घासत ४०० पर्यंत या. नंबर उडी मारून गाळला तर जाड पेपरच्या रेघा रंगातून वर येतात. मग प्रायमर, पीपीवर आधी प्लास्टिकचा खास प्रायमर. दोन-तीन पातळ हात. सुकल्यावर लांबून काळ्या स्प्रेचा नुसता शिडकावा मारा आणि ६०० च्या वॉटर पेपरनं पाण्यात घासा. उंच जागचं काळं आधी जातं, खड्ड्यातलं राहतं. जिथे काळं उरलं तिथे पुन्हा थोडी बारीक पुट्टी आणि प्रायमर. डोळा फसतो, हे काळे ठिपके फसत नाहीत. या पायरीला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो.

स्प्रेचा डबा वाटीभर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा (गरम पाणी अजिबात नको), मग दोन मिनिटं नीट हलवा. अंतर एक वीत ते सव्वा वीत. बटण पॅनेलच्या बाहेर दाबायचं, हात सरळ ओढायचा, पॅनेल ओलांडून सोडायचं. पुढचा पट्टा आधीच्या निम्म्यावर. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडच्या कार्यशाळांत मूर्तीवर गन फिरवताना पाहा. हात कुठेच थांबत नाही, एका जागी रंग साचत नाही. मी दुसरा हात जरा जाड मारायला लागलो की अण्णा दारातून "साकु, साकु!" करायचे. पुरे. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं सोडा, असे तीन-चार हात. मेटॅलिक असेल तर शेवटचा हात थोडा लांबून, धुक्यासारखा, म्हणजे चमकी ढगाळ दिसत नाही. क्लिअरचे दोन-तीन हात डब्यावर लिहिलेल्या वेळेतच द्या.

ओघळ आला तर बोट लावू नका, फडकं लावू नका. दोन दिवस सुकू द्या, १००० च्या वॉटर पेपरनं तेवढाच ओघळ उतरवा आणि वर पुन्हा हात मारा.

आठवड्यानं १५०० आणि २००० चा पेपर पाण्यात हलका फिरवून कंपाउंड (रंगाला चकाकी आणणारी पॉलिशची पेस्ट) चोळा. काठांवर जपून, तिथे रंग सर्वांत पातळ असतो. नखाला न अडकणारे जुने ओरखडेही याच कंपाउंडनं जातात, त्यांना रंगाची गरज नसते.

परत बसवताना

नव्या बुशला साबणाचं पाणी लावा, आधी सगळ्या खुंट्या बसवा, मग स्क्रू हातानं दोन-दोन आटे फिरवून ठेवा आणि सगळे लागल्यावरच कसा. एक स्क्रू आधी पूर्ण कसला की पॅनेल ताणलं जातं आणि दुसऱ्या टोकाचा कान त्या ताणावर राहतो. प्लास्टिकवर स्क्रू टेकला की पाव फेरा बास. आठवडाभर वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप लावू नका आणि गाडीवर कव्हर टाकू नका.

उरलेल्या लगद्याच्या बरणीवर नाव लिहा, झाकण घट्ट करा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही, देवघराच्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब असेल अशा जागी ठेवा. घट्ट झाला तर चमचाभर अॅसिटोन घालून रात्रभर ठेवा, पुन्हा काकवीसारखा होतो.